पिनबॉलचा तारेचा रॅम्प: पॉलिश की नवं प्लेटिंग?
१९९०च्या दशकातल्या अमेरिकी पिनबॉल मशीनमध्ये (नाणं टाकून चेंडू उडवायच्या खेळाच्या यंत्रात) २७ मिलिमीटर व्यासाचा, साधारण ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू तारेच्या रॅम्पवरून, म्हणजे तारांच्या उंच वाटेवरून, धावतो आणि तिथलं प्लेटिंग (धातूचा पातळ मुलामा) झिजवतो. रॅम्प नुसता काळवंडला असेल तर मेटल पॉलिश आणि बफिंग (मऊ चाकाने घासून चकाकी आणणं) पुरे. घरच्या घरी होतं. पण तांबेरा धरला असेल तर घासताना उरलंसुरलं प्लेटिंगही जातं आणि गंज पुन्हा येतो. अशा वेळी निकेल किंवा क्रोमचं प्लेटिंगच करावं. खर्च जास्त, शिवाय रॅम्प काढून कारखान्यात द्यावा लागतो. वेल्डिंगचे सुटलेले टाके मात्र आधीच जोडून घ्या. नंतर जोडले तर नवी चकाकी तिथेच करपते. पावडर कोटिंग (भुकटी लावून भट्टीत पक्का केलेला रंगाचा थर) दिसतं झकास, पण चेंडूच्या वाटेवर मला ते पटत नाही. टवके उडतात.