जवळजवळ नव्या गाडीचा फॉग लॅम्प: एक हिवाळा आणि एक पावसाळा वापरून

गाडी छोटी एसयूव्ही, ग्वाल्हेरात घेतलेली. पहिलाच पावसाळा संपला आणि डाव्या फॉग लॅम्पने नखरे सुरू केले. लागायचा, थोड्या वेळाने मंद व्हायचा, खड्डा आला की परत उजळायचा. काचेच्या आत थेंब आणि खालच्या कडेला साठलेल्या पाण्याची रेघ. गाडीला वर्षही झालं नव्हतं.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फॉग लॅम्प म्हणजे बंपरची शोभा वाटते. माझी नोकरी मुरैन्याला आहे, राहते ग्वाल्हेरच्या लश्कर भागात. पुरानी छावनी सोडली की बानमोर, नूराबाद, मुरैना असा राष्ट्रीय महामार्ग ४४ चा पट्टा. दोन्ही बाजूंना पाणी दिलेली मोहरी, रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला. जमीन झपाट्याने गार होते आणि ओल असलेल्या शेतांवर पहाटे धुकं बसतं. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर हे चालतं. हवामान खातं २०० मीटरच्या आत दिसेनासं झालं की दाट धुकं म्हणतं आणि ५० मीटरच्या आत अतिदाट. मुरैन्याकडे दुसऱ्या प्रकारच्या सकाळी काही कमी नसतात. तेव्हा हा दिवा माझ्यासाठी कामाची वस्तू आहे.

सर्व्हिस सेंटरचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं: "मॅडम, ये तो नॉर्मल है, सर्दी में सबमें आता है." यात अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस गप्प बसतो. लॅम्प हवाबंद नसतो. आतली हवा तापली की बाहेर जावी म्हणून त्याला श्वासनळीसारखी बारीक वाट ठेवलेली असते. त्यामुळे गाडी धुतल्यावर किंवा थंड रात्रीनंतर काचेच्या आत पुसटसं बाष्प धरू शकतं. दिवा थोडा वेळ लावून गाडी चालवली की ते निघून जातं. पण थेंब ओघळून खाली पाणी साठत असेल आणि दिवसभर उन्हात उभी करूनही ते जात नसेल, तर सील गेलं आहे. हा फरक सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराला मी सांगितला तेव्हा तो माझ्या नवऱ्याकडे बघून उत्तर देत होता. गाडी माझ्या नावावर आहे, असो.

दुसऱ्या खेपेला त्यांनी बल्ब बदलला आणि पैसे घेतले. बल्ब झिजणारी वस्तू, वॉरंटीत नाही. पुस्तिकेत खरंच तसं लिहिलं होतं, भांडण्यात अर्थ नव्हता. नव्या बल्बनेही काही दिवसांत तेच सुरू केलं.

मग ट्रान्सपोर्ट नगरातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. वयस्कर माणूस, बोलणं कमी. आधीच सांगितलं, "भैया, कोई तार मत काटना, वॉरंटी में है." तो हसला आणि म्हणाला, काटने की जरूरत ही नहीं. त्याने उजवा-डावा बल्ब आपसात बदलले. दोष डावीकडेच राहिला, म्हणजे बल्ब निर्दोष. मग इंजिन चालू ठेवून, दिवा लावलेला असतानाच, दोन्ही कपलरवर (तार बल्बला जोडणाऱ्या प्लगवर) मीटर धरलं. उजवीकडे १४ व्होल्टच्या आसपास, डावीकडे बरंच कमी, आणि तार हलवली की आकडा नाचायचा. दिवा लावलेला असतानाच मोजायचं, हे महत्त्वाचं. बल्ब काढून मोकळ्या कपलरवर मोजलं असतं तर गंजलेल्या पिनांनीही पूर्ण व्होल्ट दाखवले असते, कारण करंटच वाहत नसतो. कपलर उघडला तर पिना हिरव्या पडलेल्या. काच आणि मागचं प्लास्टिकचं घर जिथे चिकटवलेलं असतं, तिथला सांधा खालच्या बाजूला सुटला होता. पाणी तिथून आत येत होतं आणि दमट हवा बल्बच्या बुडापर्यंत पोचत होती. फ्यूज, रिले, स्विच सगळं ठीक होतं. तसंही फ्यूज गेला असता तर बहुधा दोन्ही दिवे एकदम बंद पडले असते, एकटा डावा नाही.

त्याने पिना साफ करून गाडी परत दिली, घेतलेले पैसे अगदीच किरकोळ. लॅम्पला हात लावला नाही. "अब कंपनी से लो," म्हणाला.

वॉरंटीचं प्रकरण लांबलं, पण एक गोष्ट कामी आली. प्रत्येक खेपेच्या जॉब कार्डावर तक्रार माझ्या शब्दांत लिहून घेतली होती: "डाव्या फॉग लॅम्पमध्ये पाणी साठते." "लाइट चेक करना" असं त्यांनी लिहिलं की मी खोडून घ्यायचे. शिवाय पाण्याच्या रेघेचे फोटो आणि दिवा लुकलुकतानाचा व्हिडिओ होता. बंपरला मार लागला आहे का, हे त्यांनी तीनतीनदा बघितलं. ते बरोबरच आहे, धक्क्याने सांधा उघडला असेल तर तो विम्याचा मामला होतो. खरचटलेलं काही नव्हतं. शेवटी पूर्ण असेंब्ली, म्हणजे काच-घरासकट अख्खा लॅम्प, आणि कपलरचा तुकडा वॉरंटीत मंजूर झाला. सुटा भाग यायला मात्र धुकं सुरू होईपर्यंत वेळ लागला.

या मधल्या काळात आमच्या भाऊजींचा आग्रह: एवढा त्रास कशाला, दोन्हीकडे एलईडी टाक, उजेड तिप्पट. त्यांच्या गाडीत आहेत आणि समोरून येणारा ट्रकवाला त्यांना रोज शिव्या देतो. माझं मत पक्कं आहे. फॉग लॅम्पचा परावर्तक हॅलोजन बल्बच्या आतल्या तारेची जागा धरून घडवलेला असतो. त्या खोबणीत एलईडीची पट्टी बसवली की प्रकाश वेगळ्या जागेवरून निघतो, उजेडाची वरची, कापल्यासारखी सरळ कडा विस्कटते, आणि धुक्यात वर गेलेला प्रकाश थेट आपल्याच डोळ्यांत परत येतो. शिवाय एलईडीची उष्णता मागे जाते. काच थंड राहते आणि आतलं बाष्प सुकायला वेळ लागतो. कंपनीनेच एलईडीसाठी घडवलेला लॅम्प असेल तर गोष्ट वेगळी.

हॅलोजनमध्येही एक सापळा आहे. बल्बचे प्रकार तीन: एच८ ३५ वॅटचा, एच११ ५५ वॅटचा, एच१६ १९ वॅटचा. तिघांचं बूड जवळजवळ सारखं, फक्त खाचा वेगळ्या, चुकून बसू नये म्हणूनच. दुकानदार ती खाच घासून ५५ वॅटचा बसवून देतात. प्रकाश वाढतो खरा (एच१६ चा सुमारे ५०० ल्युमेन, एच११ चा १३५०), पण १९ वॅटसाठी बनवलेल्या प्लास्टिकच्या घराला, सीलला आणि तारेला तिप्पट उष्णता सोसावी लागते. आपलं सील आधीच रडत असताना हे कशाला?

पिवळ्या रंगाबद्दलही खूप ऐकलं. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा इतके मोठे असतात की निळा, पिवळा, पांढरा सगळेच साधारण सारखे विखुरतात. पिवळा धुकं "भेदून" जातो हे खरं नाही. निळसर झाक गेल्यामुळे चकाकी कमी टोचते, एवढा फायदा अनेकांना जाणवतो. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइटसुद्धा पिवळेच असत. मी साधा पांढरट-पिवळा हॅलोजनच ठेवला.

आता मुख्य गोष्ट, जी सर्व्हिस सेंटरने केलीच नाही. नवी असेंब्ली बसवून गाडी दिली आणि पहिल्याच धुक्यात डावीकडे पांढरी भिंत उभी राहिली. दिवा नवा, पण तोंड वर. आमच्या गल्लीच्या टोकाला एक सपाट भिंत आहे. तिच्यापासून साडेसात मीटरवर, सपाट जमिनीवर गाडी उभी केली, टायरमधली हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसलेला (नवऱ्याला एवढंच काम होतं). जमिनीपासून लॅम्पच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर टेपची पट्टी लावली. उजेडाची वरची कडा त्या पट्टीच्या सुमारे १० सेंटिमीटर खाली पडायला हवी. माझी वरच होती. लॅम्पच्या पाठीमागे एक स्क्रू असतो, चाकाच्या आतल्या प्लास्टिकच्या पडद्यातून लांब पेचकसाने पोचतो. तो फिरवून कडा खाली आणली, मग उजव्याशी जुळवली. नव्या दिव्यापेक्षा या फिरवाफिरवीने जास्त फरक पडला.

त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारी वापर. काय दिसतं? रस्त्याची डावी पांढरी रेघ, कडेची माती, गाडीच्या समोरचा थोडासा डांबराचा तुकडा. लो बीमसोबत लावते. हाय बीम तर नकोच. लांबचं यात काही दिसत नाही आणि दिसणारही नाही. हा दिवा रुंद आणि खाली पसरतो, पुढे फेकत नाही. ताशी ४० ने गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. ५० मीटरच्या धुक्यात, मागे लाल दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली समोर आली तर हातात किती सेकंद उरतात, हे प्रत्येकाने मोजून बघावं. कुठलाही लॅम्प ते गणित बदलत नाही. माझ्या मॉडेलला मागचा फॉग लॅम्प नाही, ही कंपनीची कंजुषी मला जास्त खटकते. मागून येणाऱ्याला दिसण्यासाठी लोक चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावतात. मग वळायचं असेल तर इशारा कशाने द्यायचा?

पावसाळ्यात परीक्षा झाली. साठलेल्या पाण्यातून, चिखलातून गाडी गेली. डाव्या लॅम्पमध्ये धुतल्यावर कधी पुसट बाष्प आलं, दिवा लावल्यावर गेलं. रेघ नाही, थेंब नाही. कपलरवर इलेक्ट्रिशियनने दिलेलं वीज न वाहून नेणारं सिलिकॉन ग्रीस लावलं आहे. ऑगस्टमध्ये उघडून बघितलं, पिना चकचकीत. उन्हाळ्यात लांबचा प्रवास झाल्या झाल्या गरम काचेवर गार पाण्याचा फवारा मारू नका, असं धुलाईवाल्याला मात्र दर वेळी सांगावं लागतं. काच तडकू शकते.

उजवा लॅम्प मूळचाच आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक थेंब दिसला, दुसऱ्या दिवशीही होता. वॉरंटी अजून शिल्लक आहे. फोटो काढला, सर्व्हिसला गाडी दिली तेव्हा जॉब कार्डावर लिहून घेतलं, आणि सुटा भाग दिवाळीआधीच मागवायला सांगितला आहे.