तोंडी गणितासाठी ‘केनकेन’ घ्यावे की ‘ब्रेन ट्रेनिंग’?

तोंडी हिशेबाचा सराव हातातल्या यंत्रावर करायचा असेल, तर दोन जपानी खेळ विचारात घेण्याजोगे आहेत, मात्र त्यांची जात अगदी निराळी आहे. निन्टेन्डो या खेळ बनवणाऱ्या कंपनीचा ‘ब्रेन ट्रेनिंग’ २००५ मध्ये तिच्याच डीएस या हातात धरायच्या खेळयंत्रासाठी आला. त्यामागे तोहोकू विद्यापीठातील मेंदूसंशोधक रियुता कावाशिमा यांचे काम आहे. ‘केनकेन’ हे कोडे तेत्सुया मियामोतो या गणितशिक्षकाने २००४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी रचले, आणि ते साध्या मोबाइलवरही सोडवता येते.

ब्रेन ट्रेनिंगमध्ये यंत्र पुस्तकासारखे उभे धरून, एकामागून एक येणाऱ्या वीस सोप्या उदाहरणांची उत्तरे पडद्यावर लिहायची असतात, आणि मोजला जातो तो वेळ. ‘आठ सक’ म्हटल्यावर ज्याला ‘अठ्ठेचाळीस’ आठवायला थांबावे लागते, त्याला याचा खरा उपयोग होतो. मेंदू तरुण राहतो हा दावा मात्र वादग्रस्त आहे. तेवढ्यासाठी हा खेळ घेऊ नये.

केनकेनमध्ये घड्याळाला महत्त्व नाही. सहा बाय सहाच्या चौकटीत प्रत्येक ओळीत आणि स्तंभात १ ते ६ हे अंक एकेकदाच यावे लागतात, शिवाय जाड रेषेने वेढलेल्या घरांतील अंकांपासून दिलेले उत्तर मिळावे लागते. दोन घरांची बेरीज ११ असेल, तर तेथे ५ आणि ६ हेच अंक येणार. पण गुणाकार १२ असेल, तर २ व ६ की ३ व ४, हे शेजारची घरे पाहूनच ठरते. काटकोनात वळलेल्या तीन घरांचा गुणाकार ४ असेल, तर १, १, ४ किंवा १, २, २ असे अंक येतात, आणि दोन्ही वेळा सारखे अंक टोकांनाच बसतात, कारण कोपऱ्यातले घर दोन्ही टोकांना ओळीने वा स्तंभाने बांधलेले असते. पाढा येथे उलटा चालवावा लागतो, आणि संख्येची ओळख अशीच पक्की होते, असे मला मनापासून वाटते.

म्हणून पाढे कच्चे असतील आणि यंत्र घरात असेल, तर ब्रेन ट्रेनिंग घ्यावे. केवळ त्यासाठी नवे यंत्र विकत घेऊ नये. पाढे पाठ असतील, तर केनकेनच निवडावे. लहान मुलाला प्रथम फक्त बेरीज-वजाबाकीची चार बाय चारची चौकट द्यावी, आणि तो अंदाजाने अंक भरणे सोडून कारण सांगू लागला की गुणाकार-भागाकार सुरू करावेत.