एएमटी गाडी चढावर मागं येते : अकरा महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी घेऊन अकरा महिने झाले, साडेनऊ हजार किलोमीटर झाले. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाला जी सुटका मिळाली, तेवढ्यासाठी मी पुन्हा ऑटोमॅटिकच घेईन. पण चढावर ही गाडी मागं येते आणि घेताना मला ते कुणीही सांगितलं नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कमी बजेटच्या बहुतेक एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन, म्हणजे स्वस्तातली ऑटोमॅटिक) गाड्यांचा हा स्वभावच आहे.

शोरूममध्ये मी स्पष्ट विचारलं होतं, घाटात मागं येते का? "सर, ऑटोमॅटिक आहे, काळजीच नको." टेस्ट ड्राइव्ह झाली ती सपाट रस्त्यावर.

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला निघालो आणि खंबाटकी घाटात अडकलो. गाडीत पाच जण, डिकी गच्च भरलेली. पुढचा ट्रक चार हात सरकला. मी ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरवर नेला, तेवढ्यात गाडी मागं. दीडेक फूट आली असेल. मागच्या गाडीचा हॉर्न, मागच्या सीटवरून आईचं "अरे, अरे!" घाबरून ॲक्सिलरेटर दाबला तर क्षणभर काहीच नाही, आणि मग असा झटका बसला की ट्रकच्या फाळक्यापाशीच जाऊन थांबलो. पुढं मग मी ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी चढावर तशीच तोलून धरायला लागलो. थोड्या वेळात जळका वास आला.

ती माझी चूक होती, आणि ती का चूक होती हे नंतर कळलं. एएमटी म्हणजे आतून साधी मॅन्युअल गाडीच. तोच क्लच, तेच गिअर. फक्त क्लच दाबण्याचं काम पायाऐवजी यंत्र करतं. 2014 साली मारुतीची सेलेरिओ आली तेव्हापासून स्वस्तातली ऑटोमॅटिक म्हटलं की आपल्याकडे बहुतेक वेळा हीच. ब्रेक दाबून उभे असतो तेव्हा क्लच दाबलेला असतो, म्हणजे इंजिन आणि चाकं सुटी असतात. पाय उचलला की ती जोडली जायला क्षणभर जातो, आणि तेवढ्यात उतार आपलं काम करतो. ॲक्सिलरेटरवर तोलून धरलं की क्लच अर्धवट घासत राहतो आणि तापतो.

मेहुण्याची गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे दुसऱ्या प्रकारची ऑटोमॅटिक. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, त्यामुळे ब्रेक सोडल्यावरही चाकांना पुढं थोडा रेटा मिळत राहतो. आमच्या सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर दोन्ही गाड्या उभ्या करून बघितल्या. त्याची जागेवर थांबली, माझी घसरली. खूप खडा चढ असेल तर तीही मागं येतेच, हेही सांगायला हवं.

आता मी काय करतो? हँडब्रेक. गाडी डीमध्येच (ड्राइव्ह), हँडब्रेक पूर्ण ओढलेला. पाय ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर, अगदी हलका. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. त्या क्षणी बटण दाबून हँडब्रेक सावकाश खाली. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चढावर शिकवतात तेच. हाताला सवय लागायला मला दोन आठवडे लागले, रोज रॅम्पवर. जाम लांबला तर न्यूट्रल आणि हँडब्रेक, क्लचला विश्रांती. परवा पसरणी घाटानं पाचगणीला गेलो, एकदाही मागं आलो नाही.

पार्किंगचंही लक्षात ठेवा. माझ्या गाडीत पी (पार्किंगचा गिअर) नाही. चढावर लावताना गिअरमध्ये ठेवूनच इंजिन बंद करतो, हँडब्रेक ओढतो आणि चाकं कडेला वळवून ठेवतो.

खरा उपाय म्हणजे हिल होल्ड. ब्रेकवरचा पाय उचलल्यावरही तो साधारण दोन सेकंद ब्रेक धरून ठेवतो; पाय ॲक्सिलरेटरवर न्यायला तेवढं पुरतं. माझ्या व्हेरिअंटमध्ये तो नव्हता, वरच्यात होता. मी टचस्क्रीन आणि अलॉय व्हील बघत बसलो, याचं आजही वाईट वाटतं.

पुढच्या महिन्यात बहिणीसाठी गाडी बघायची आहे. टेस्ट ड्राइव्हची गाडी तिच्या सोसायटीच्या रॅम्पवर न्यायची, आणि आम्ही पाचही जण बसणार, असं मी शोरूमला फोन करून आधीच सांगून ठेवलंय.