वही, ईबर्ड की आयनॅचरलिस्ट: निसर्गाच्या नोंदी कुठे ठेवायच्या?

पाखरं बघायला किंवा फुलपाखरांचे फोटो काढायला लागून चार-सहा महिने झाले की हा प्रश्न पडतोच. फोनमध्ये हजारभर फोटो साठलेले असतात, कुठला कुठे काढला ते आठवत नाही, एकजण म्हणतो ईबर्डवर (पक्ष्यांच्या याद्या ठेवायचं ॲप) टाक, दुसरा म्हणतो आयनॅचरलिस्टच (कुठल्याही जिवाचा फोटो टाकून नोंद करायचं ॲप) बेस्ट, आणि एखादे जुने काका म्हणतात की आधी हातात वही घे. मी गेली आठ-नऊ वर्षं तिन्ही वापरतोय, जास्त करून पुण्यात वेताळ टेकडीवर आणि सुट्टीत गावी गेलो की तिथे, त्यामुळे माझं मत पक्कं आहे आणि ते सांगणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट.

नोंद म्हणजे फक्त काय दिसलं एवढंच नाही. किती वेळ बघितलं, किती चाललो, आणि बघूनसुद्धा काय दिसलं नाही, हे सगळं मिळून नोंद होते. "टेकडीवर नवरंग दिसला" हे वाचायला छान वाटतं पण त्यावरून पुढे काहीच काढता येत नाही. तेच "सकाळी साडेसहा ते साडेसात, दीड किलोमीटर, २३ प्रजाती, त्यात नवरंग १, चिमणी एकही नाही" असं लिहिलं की दहा वर्षांनी कोणीही तीच वाट तेवढाच वेळ चालून तुलना करू शकतं. मी खालचं सगळं याच मापाने मोजलंय, तेव्हा कुणाला फक्त नाव ओळखून हवं असेल तर त्याचा निकाल वेगळा लागू शकतो.

ईबर्ड

फक्त पक्षी. कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी आणि ऑड्युबॉन या अमेरिकेतल्या संस्थांनी २००२ मध्ये हे सुरू केलं, आपल्याकडे बर्ड काउंट इंडियाची मंडळी त्याचं काम बघतात. ॲप फुकट आहे, नेटवर्क नसलं तरी चालतं (निघायच्या आधी घरी त्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक डाउनलोड करून ठेवायचा), आणि सेटिंगमध्ये पक्ष्यांची नावं मराठीत करता येतात, म्हणजे टिटवी, दयाळ, नाचण असंच दिसतं. माझ्या आईने याच एका कारणासाठी ॲप वापरायला सुरुवात केली.

याची खरी ताकद यादीच्या शेवटी विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नात आहे, की तुम्ही ओळखलेले सगळे पक्षी यात लिहिलेत का. हो म्हटलं की ती पूर्ण यादी होते, आणि मग जे लिहिलं नाही ते "दिसलं नाही" असं धरता येतं. म्हणून कावळा, कबुतर, साळुंकी हे लिहायलाच पाहिजेत, नव्या लोकांना वाटतं कावळा काय लिहायचा, तर तो लिहायचाच, मोजून लिहायचा. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ प्रजातींचा आढावा घेतला गेला तो तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून जास्त नोंदींवर, आणि ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकाळाचा कल काढता आला त्यातल्या २०४ घटलेल्या निघाल्या. हे कळलं कशावरून, तर शंभर याद्यांपैकी किती याद्यांमध्ये तो पक्षी येतो हे वर्षानुवर्षं बघून. तुमच्या गच्चीवरची पंधरा मिनिटांची यादीसुद्धा त्यातलीच एक.

मोजणं अवघड वाटतं पण सवयीने जमतं. हिवाळ्यात संध्याकाळी भोरड्यांचा थवा येतो तेव्हा आधी एका कडेचे पन्नास मोजायचे, ते आकाशात केवढी जागा व्यापतात ते डोळ्यात धरायचं आणि तेवढे तुकडे थव्यावर किती बसतात ते बघायचं. सहा बसले तर तीनशे. थवा वळतो, दाट होतो, पुन्हा फाकतो, म्हणून तो फाकलेला असतानाच मोजून घ्यायचा. चुकलं तर सांगणारे आहेत, मी एकदा १२ च्या जागी १२० टाईप केलं होतं तर तिथल्या परीक्षकांनी दोन दिवसांत अगदी सौम्य भाषेत विचारलं की एवढे होते का, आणि मी दुरुस्त केलं. हे परीक्षक तुमच्याआमच्यासारखेच हौशी असतात, पदरचा वेळ देतात, तेव्हा त्यांचा मेल आला की राग मानू नका.

आणखी एक फायदा म्हणजे ट्रिप ठरवायला फार उपयोग होतो. भिगवणला जायचंय तर कुठल्या महिन्यात काय दिसतं ते हॉटस्पॉटच्या, म्हणजे पक्षी बघायच्या त्या जागेच्या, पानावर महिन्यावार बघता येतं.

कमी काय आहे? पक्ष्यांपलीकडे काही नाही. आणि ओळखता येत नसेल तर सुरुवातीला अडतं. त्यासाठी कॉर्नेलचंच मर्लिन ॲप आहे, आवाज ऐकून नाव सुचवतं, शिकायला झकास आहे, पण त्याने नाव दाखवलं म्हणून यादीत टाकू नका. घाटात भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, तिथे तर माणूसही फसतो. ॲपने सुचवलं की आवाजाच्या दिशेने बघायचं, पक्षी दिसला किंवा आवाजाची स्वतःला खात्री पटली तरच लिहायचं.

आयनॅचरलिस्ट

इथे सगळं चालतं. झाड, गवत, कोळी, पतंग, बेडूक, बुरशी, एवढंच काय पायाचा ठसा, विष्ठा, सापाची कात, पडलेलं पीस सुद्धा. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या तीन विद्यार्थ्यांनी मास्टर्सचा प्रोजेक्ट म्हणून हे केलं आणि २०२३ पासून ती स्वतंत्र ना-नफा संस्था आहे. फोटो टाकला की संगणक नावं सुचवतो, मग इतर लोक येऊन ओळख पटवतात, आणि दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं प्रजातीवर एकमत झालं (म्हणजे कमीत कमी दोघं तरी हवेत) की नोंद 'रिसर्च ग्रेड' होते आणि लायसन्स खुलं ठेवलं असेल तर जगभरच्या जीबीआयएफ या डेटाबेसमध्ये जाते.

संगणकाच्या सुचवण्यावर डोळे झाकून टिक करू नका हे मात्र कळकळीने सांगतो. कॉमन मॉर्मन फुलपाखराची मादी घ्या. तिचं एक रूप हुबेहूब कॉमन रोझ या दुसऱ्या फुलपाखरासारखं असतं, काळे पंख, मागच्या पंखावर पांढरे डाग, कडेला लाल ठिपके. रोझ विषारी, पक्षी त्याला टाळतात, आणि ही त्याचा वेष घेऊन वाचते. फरक कळतो तो अंगावरून. रोझचं अंग लाल असतं, मॉर्मनचं काळं. पण पंख पसरलेल्या वरच्या फोटोत आपलं लक्ष पंखांवरच असतं. आमच्या कढीपत्त्यावर बसलेली मी अशीच रोझ म्हणून टाकली होती, दुसऱ्या दिवशी कोणीतरी लिहिलं की पोटाचा रंग बघा, फोटो मोठा करून बघितला तर काळं. आणि कढीपत्त्यावर ती का आली तेही मग लक्षात आलं, मॉर्मनच्या अळ्या लिंबू, कढीपत्ता अशा झाडांवर वाढतात. हे असं शिकणं पुस्तकातून इतक्या लवकर होत नाही.

म्हणून एकच फोटो टाकू नका. फुलपाखराचे पंख वरून आणि खालून, दोन्ही. झाडाचं फूल तर हवंच पण पान, पानाची मागची बाजू, पानं फांदीवर समोरासमोर आहेत का एकाआड एक, साल, आणि मागे जाऊन पूर्ण झाड. कोळी असेल तर डोळ्यांकडून एक. साप असेल तर लांबून जे मिळेल तेवढंच, आणि ॲपच्या नावावर विसंबून हात तर लावूच नका, बिनविषारी डुरक्या घोणस समजून विषारी घोणशीजवळ जाणं जिवावर बेतू शकतं.

आता याची कमजोरी. इथे मेहनतीची नोंद नाही. तुम्ही दहा मिनिटं फिरलात का चार तास, कळत नाही. जे फोटोत आलं तेवढंच, आणि माणूस फोटो काढतो तो रंगीत, दुर्मिळ किंवा जवळ बसलेल्या गोष्टीचा, कावळ्याचा कोण काढतो. त्यामुळे "अमुक कमी झालं का" याला इथून उत्तर मिळवणं अवघड, "अमुक इथे आहे" याला उत्तम. दुसरं, ओळख मिळेलच असं नाही. माझा अनुभव असा की पक्षी आणि फुलपाखरं तासाभरात ओळखून मिळतात, गवतं आणि बारके कोळी वर्षानुवर्षं तसेच पडून असतात. आणि बागेत लावलेली जास्वंद, कुंडीतला मनी प्लांट हे 'कॅज्युअल' मध्ये जातं, ते लावलेलं आहे अशी खूण तुम्हीच करायची असते.

जागा लपवायची सोय चांगली आहे आणि ती वापराच. 'ऑबस्क्युअर्ड' केलं की ठिकाण साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दिसतं. सड्यावरचं कंदीलपुष्प, ऑर्किड, घुबडाची ढोली यांच्या बाबतीत मी डोळे मिटून हेच करतो. कंद उपटून नेणारे आहेत, घुबडं पकडणारेही आहेत. आणि स्वतःच्या घरातून नोंद करत असाल तर घरासाठीही हेच करा.

वही

वहीला बॅटरी लागत नाही हे सगळेच सांगतात. मला ती आवडते ती दुसऱ्या कारणासाठी, तिच्यात रकाने नसतात. ईबर्ड विचारतं किती, आयनॅचरलिस्ट विचारतं कोण. काय करत होता हे दोन्हीकडे शेऱ्यात लिहिता येतं पण उभ्या-उभ्या फोनवर चार ओळी कोण टाईप करतो. सालिम अली दहा वर्षांचे असतील तेव्हा त्यांनी चिमण्यांच्या घरट्याबद्दल लिहून ठेवलं होतं, की सात दिवसांत तिथले आठ नर मारले आणि दर वेळी मादीला दुसरा नर मिळाला. बंदुकीचे ते दिवस गेले, पण ती पोराने लिहिलेली नोंद साठेक वर्षांनी छापली गेली तेव्हाही तिला किंमत होती. कारण त्यात नुसती संख्या नव्हती, काय झालं ते क्रमाने होतं.

माझ्या वहीत पावशाचं पहिलं "पेरते व्हा" कुठल्या तारखेला ऐकलं ते दर वर्षीचं आहे, चातक कधी आला ते आहे, गिरिपुष्पाच्या झाडीत कुठले पक्षी घुसतात आणि कुठले कडेकडेनेच फिरतात ते आहे. पेन्सिलने लिहा. एका जुलैमध्ये माझी जेल पेनने लिहिलेली अख्खी पानं भिजून निळी झाली, पाच महिन्यांची मेहनत, त्यातलं एक अक्षर वाचता आलं नाही. तेव्हापासून एचबी पेन्सिल आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत.

तोटा उघड आहे. वही एकट्याची. तुमच्यानंतर कपाटात, नाहीतर रद्दीत. आणि "२०१९ ला धोबी पक्षी कधी आले" हे शोधायला सगळी पानं उलटावी लागतात. म्हणून मी रविवारी संध्याकाळी अर्धा तास बसून पक्ष्यांच्या याद्या ईबर्डवर चढवतो, जुन्या तारखेच्याही टाकता येतात, आणि बाकी तपशील वहीतच ठेवतो.

आणखी दोन-तीन पर्याय, थोडक्यात

इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल २००८ पासून आहे, आपल्याकडचं आहे, काम आयनॅचरलिस्टसारखंच, ओळखणारी मंडळी कमी पण भारतातल्या वनस्पतींच्या बाबतीत जाणकार. फक्त फुलपाखरांतच रस असेल तर आयफाउंडबटरफ्लाइज, तिथे तज्ज्ञ तपासूनच नोंद घेतात, वेळ लागतो पण माहिती भरवशाची. ज्यांना फिरणं जमत नाही त्यांच्यासाठी सीझनवॉच मला सगळ्यात आवडतं. घराजवळचं एक झाड धरायचं, समजा बहावा, आणि दर आठवड्याला पालवी, कळ्या, फुलं, फळं नाहीत, थोडी आहेत का भरपूर आहेत एवढंच भरायचं. दोन मिनिटांचं काम. माझे शेजारी सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात म्हणून टेकडी बंद झाली, पण खिडकीतल्या बहाव्याचा एक आठवडा चुकवत नाहीत.

आकाशाचंही गणित तेच. ग्लोब ॲट नाइट मध्ये मृग किंवा इतर ठरलेलं नक्षत्र बघून किती फिके तारे दिसतात ते चार्टशी ताडून कळवायचं, यातून प्रकाश प्रदूषण मोजलं जातं, दुर्बीण लागत नाही, डोळे अंधाराला सरावू द्यायला दहा-पंधरा मिनिटं लागतात एवढंच. उल्का मोजायच्या असतील तर पर्सिड्सच्या नादी लागू नका, ऑगस्टमध्ये आपल्याकडे ढग, डिसेंबरच्या १३-१४ तारखेचे जेमिनिड्स धरा. आणि तिथेही नुसत्या ४० उल्का दिसल्या म्हणून भागत नाही, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती आकाश ढगात होतं, किती फिका तारा दिसत होता हे लिहावंच लागतं. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईकडे खगोल मंडळ आहे, कोणाबरोबर तरी एक रात्र काढलीत तर हे लवकर जमतं.

मग घ्यायचं काय

पक्ष्यांचा नाद असेल आणि आठवड्यातून एकदा तरी बाहेर पडणार असाल तर ईबर्ड, दुसरा विचारच नको. दुर्मिळ पक्ष्यामागे शंभर किलोमीटर जाण्यापेक्षा घराजवळची एकच वाट वर्षभर दर रविवारी चाला, त्या ५२ याद्यांना जास्त मोल आहे असं माझं ठाम मत आहे. झाडं, किडे, फुलपाखरं, सगळंच आवडतं आणि नावं माहीत नाहीत असं असेल तर आयनॅचरलिस्ट, पण आठवड्याला दहाच नोंदी टाका आणि प्रत्येकीला तीन-चार नीट फोटो द्या. शाळेतल्या मुलांना यातलं काहीच लगेच देऊ नका, फोन हातात आला की बघणं थांबतं. त्यांना सहा महिने वही आणि पेन्सिल द्या, चित्र काढू द्या, चुकीचं नाव लिहिलं तरी लिहू द्या. आणि वही तर सगळ्यांनीच ठेवा, बाकी काहीही निवडलंत तरी.

अजून ठरत नसेल तर उद्या सकाळी सातला गच्चीत किंवा गॅलरीत पंधरा मिनिटं घड्याळ लावून उभे राहा. कावळे किती, कबुतरं किती, घार आली का, बुलबुल कुठून बोलला, पोपट कुठल्या दिशेला गेले, कागदावर लिहा. वर तारीख आणि वेळ टाका, खाली ढग होते का ते. ही झाली पहिली यादी. ती चढवायची कुठे ते दुपारी चहा पिताना ठरवा.