गूगलचं बटण की स्वतःच्या खिशातली ओळख?

'गूगलने लॉगिन करा' हे बटण दाबलं की दोन सेकंदांत काम होतं. नवा पासवर्ड लक्षात ठेवायला नको, फोन हरवला तरी खातं परत मिळवायची वाट असते. ही सोय खरी आहे. पण तुम्ही कुठल्या साइटवर शिरताय हे गूगलला कळतं, आणि ते एक खातं बंद झालं की त्यावर उघडलेली बाकीची दारंही अडतात.

विकेंद्रित ओळखीत, म्हणजे ओळखीचे दाखले एका कंपनीकडे न राहता तुमच्याच हाती राहतात अशा पद्धतीत, हा मध्यस्थच गळतो. विद्यापीठ पदवीच्या दाखल्यावर आपल्या खासगी किल्लीने (फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त संकेताने) डिजिटल सही करतं आणि दाखला तुमच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये, म्हणजे दाखले ठेवायच्या अ‍ॅपमध्ये, राहतो. नोकरी देणारा विद्यापीठाच्या सार्वजनिक किल्लीने, म्हणजे त्याच किल्लीच्या सगळ्यांना खुल्या असलेल्या जोडीदाराने, सही पडताळतो. तुम्ही कुठे अर्ज केलात हे विद्यापीठाला कळायचं कारणच उरत नाही. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच: दाखला तशा पद्धतीचा असेल, तर वय १८च्या वर आहे एवढंच सिद्ध करता येतं, जन्मतारीख झाकलेली राहते. छापील ओळखपत्र पुढे केलं की पत्त्यासकट सगळंच समोरच्याच्या हाती जातं.

वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने डीआयडीचं, म्हणजे अशा विकेंद्रित ओळखचिन्हाचं, मानक २०२२मध्ये मंजूर केलं, तरी ते स्वीकारणाऱ्या साइट अजून कमीच. किरकोळ खात्यांना गूगल चालेल. पदवी, परवाना, वयाचा पुरावा यांसाठी मी वॉलेटच निवडेन. मात्र वॉलेटमधल्या तुमच्या स्वतःच्या खासगी किल्लीचा बॅकअप पहिल्याच दिवशी घ्या. ती हरवली तर 'पासवर्ड विसरलात?' असं विचारणारं तिथे बहुधा कुणी नसतं.