कॅरव्हॅनसाठी आधी काय घ्यावं: जास्त वजन पेलणारे टायर की प्रेशर सेन्सर?

डिसेंबरात बेळगावहून परतताना चोर्ला घाट उतरून साखळीच्या अलीकडे आमच्या कॅरव्हॅनचा, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराचा, मागचा डावा टायर फुटला. पुढे गाडीत काहीच जाणवलं नाही. मागून आलेल्या दुचाकीवाल्याने हात केला तेव्हा कळलं. तोवर सुटलेल्या रबराच्या पट्ट्याने मडगार्ड फाडून वरचा पाण्याचा पाइप तोडला होता. पंक्चरवाल्याने टायर रिमवरून उतरवला, आतून हात फिरवला आणि मूठभर काळा भुगा माझ्या तळहातावर ठेवला. "बाब, हवा कमी असताना खूप पळालाय हा. फुटला आज, पण मेला होता आधीच."

पुढच्या फेरीआधी काहीतरी करायलाच हवं होतं. दोन्ही खर्च एकदम झेपणारे नव्हते आणि चार नवे टायर हे टायरमधल्या हवेचा दाब सांगणाऱ्या सेन्सरच्या संचापेक्षा कितीतरी महाग. आधी काय, हे शेवटी वजनकाट्याने ठरवलं.

भरलेली कॅरव्हॅन 2,600 किलो. त्यातले 250 किलो हुकवरून ओढणाऱ्या गाडीवर जातात, उरलेले 2,350 चार चाकांवर. सरासरी 588 किलो. टायरवर लोड इंडेक्स (वजन पेलण्याच्या क्षमतेचा क्रमांक) 91, म्हणजे प्रत्येकी 615 किलो. कागदावर ठीक दिसतं. पण ओटा, सिलिंडर आणि 100 लिटरची टाकी सगळं डाव्या अंगाला. नुसती डावी चाकं काट्यावर घेतली तर 1,290 किलो भरले, चाकामागे 645. म्हणजे हवा पूर्ण असतानाही ते टायर रोज जास्त ओझं वाहत होते. जास्त ओझ्याने आणि कमी हवेने टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त दबते, ती तापते आणि त्या उष्णतेनेच टायर आतून सुटत जातो.

लोड इंडेक्स 100 चा टायर 800 किलो पेलतो. तेच 645 किलो त्याला जड नाहीत. मात्र पूर्ण क्षमता मिळते ती त्या टायरला ठरवून दिलेल्या जास्त हवेवरच. त्यामुळे रिम तेवढा दाब सोसते का ते आधी पाहा. साधे रबरी व्हॉल्व्ह साधारण 65 पीएसआयपर्यंतचेच असतात, तेही बदलून धातूचे घ्या. लांब पल्ल्याला नायलॉनपेक्षा रेडियल कमी तापतो. रबर चढवलेला जुना टायर ट्रेलरला नकोच.

सेन्सरचं काम वेगळं. दोन आसांच्या ट्रेलरमध्ये एका टायरची हवा गेली की शेजारचा निमूटपणे त्याचं ओझं उचलतो आणि चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. पाठोपाठ तोही जातो. खिळ्याने हळूहळू उतरणारी हवा सेन्सर वेळेवर सांगतो, आणि तो असता तर माझा तो टायर भुगा होण्याआधीच मी गाडी थांबवली असती. पण वजन तो कमी करू शकत नाही. खड्ड्याच्या धारेने तुटलेला धागा किंवा जुन्या टायरचा सुटू लागलेला थर हवा पूर्ण असताना त्याला दिसत नाही. शिवाय व्हॉल्व्हवर बसणारा सेन्सर तापमान बाहेरून मोजतो. रबराच्या आत त्याहून जास्त उष्णता असते, म्हणून तापमानापेक्षा दाबाच्या आकड्यावर विसंबा.

माझं मत असं: कुठल्याही चाकावर टायरच्या क्षमतेच्या 85 टक्क्यांहून जास्त वजन येत असेल तर आधी टायर. त्याखाली असेल आणि टायर पाच वर्षांच्या आतले असतील, तर आधी सेन्सर. आम्ही टायर घेतले, सेन्सर दोन महिन्यांनी.

टायरचं वय बाजूवरच्या चार आकड्यांत असतं: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. कॅरव्हॅनचे टायर बहुतेकदा झिजून नाही, म्हातारे होऊन जातात. आपल्याकडे पावसाचे चार महिने गाडी उभी आणि मग ऊन, त्यामुळे नक्षी नवी दिसली तरी फसू नका. हवा सकाळी, टायर गार असताना भरा. वाटेत तापून आकडा चढला म्हणून सोडू नका, गार झाल्यावर कमीच भरेल.

दुकानात जाताना काट्याची पावती सोबत न्या आणि सर्वांत जड चाकाचा आकडा दाखवून टायर मागा.