चपळाईचे लाड, बळाची उपेक्षा: ‘प्लेयर्स हँडबुक’मधील हातघाईचे नियम

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून काल्पनिक वीरांच्या भूमिका खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे ‘प्लेयर्स हँडबुक’ २०१४ साली प्रसिद्ध झाले आणि बेळगावात टिळकवाडीला दर रविवारी जमणाऱ्या आमच्या पाच जणांत गेली तीन वर्षे ते हाताळून हाताळून मऊ झाले आहे. पुस्तकाची मांडणी उत्तम आहे, चित्रेही देखणी आहेत. पण मला येथे एकाच प्रश्नावर त्याची पारख करायची आहे. हातघाईच्या लढाईत बळावर भिस्त ठेवावी की चपळाईवर? पात्र उभे करताना नवा खेळाडू पहिल्यांदा अडखळतो तो इथेच.

मूळ नियम सरळ आहे. हातातल्या शस्त्राने वार केला की नेम आणि इजा या दोन्हींत बळाचा बोनस, म्हणजे बळाच्या गुणांवरून ठरणारी वाढ, मिळवायची. मात्र खंजीर, आखूड तलवार, सिमिटर (वक्र तलवार), चाबूक आणि रेपियर (सडपातळ, टोकदार तलवार) या ‘फिनेस’ म्हणजे सफाईने चालवायच्या शस्त्रांना खेळाडू हवा तर चपळाईचा बोनस लावू शकतो. रेपियरची इजा आठ बाजूंच्या फाशावर ठरते आणि एका हाताने चालवलेल्या लाँगसोर्ड या लांब तलवारीचीही त्याच फाशावर. म्हणजे ढाल घेऊन लढणाऱ्याला चपळाईऐवजी बळ वाढवून इजेत काडीचाही फायदा होत नाही. उलट चपळाई वाढवणाऱ्याला हलक्या चिलखतातले संरक्षण, आधी वार करण्याची संधी, धनुष्याचा नेम आणि आगीच्या गोळ्यातून निसटण्याची शक्यता असे सगळे एकाच किमतीत मिळते. बळाच्या वाट्याला कौशल्यांपैकी एकटे अ‍ॅथलेटिक्स येते, आणि वर ओझे वाहणे.

दोन हातांनी पेलायच्या शस्त्रांत मात्र पारडे फिरते. ग्रेटसोर्ड या अवजड तलवारीच्या इजेला सहा बाजूंचे दोन फासे आहेत. पहिल्या पातळीवर, शस्त्राला लागणारे बळ किंवा चपळाई १६ असलेल्या लढवय्याने संरक्षणाचा आकडा १५ असलेल्या शत्रूवर वार केले, तर त्याचे ५५ टक्के वार लागतात. निर्णायक घाव सोडून दिले, तर दहा वारांमागे ग्रेटसोर्डची इजा ५५ आणि रेपियरची सुमारे ४१ भरते. रेपियरवाल्याच्या दुसऱ्या हातात ढाल असते, हे खरे. बार्बेरियन या रानटी योद्ध्याच्या पात्राला संतापात मिळणारी वाढीव इजाही केवळ बळाच्या वारांनाच मिळते. त्यामुळे बळ निरुपयोगी आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ते जड शस्त्रापुरते कोंडले गेले आहे, ही माझी तक्रार आहे. पोलादी प्लेट चिलखताचे संरक्षण १८ आहे आणि चपळाई २० पर्यंत नेलेल्याला स्टडेड लेदर या हलक्या चामडी चिलखतात १७ मिळते. त्या एका गुणासाठी १,५०० सुवर्णमुद्रा मोजायच्या आणि लपून चालण्याची आशा सोडायची!

आमचा एक गडी शहापूरच्या तालमीत घुमलेला आहे. पकडीचा नियम वाचून तो खो खो हसला, कारण २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे पकडणाऱ्याने बळच लावायचे आणि सुटणाऱ्याला मात्र चपळाई चालते. “अरे, ढाक काय नुसत्या दंडावर मारतात काय?” हा ढाक या कुस्तीच्या डावाबद्दलचा त्याचा प्रश्न होता, आणि लाल मातीत पाय ठेवलेल्या कोणालाही तो पटेल. बळ आणि चपळाई यांची अशी वाटणी कागदावरच होते.

बळ ८ वर ठेवणाऱ्याला त्याची किंमत आमच्याकडे एकदाच मोजावी लागली. बेळगावच्या किल्ल्यावरून बेतलेल्या नकाशात खंदकावरचा पूल मध्येच बारा फूट तुटला होता. नियमाप्रमाणे धावत येऊनही बळाचा जितका आकडा तितकेच फूट उडी जाते, त्यामुळे रेपियरवाले आमचे शूर वीर आठ फुटांवर खंदकात पडले.

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत हा तोल अधिक शहाणपणाने साधला होता. ‘वेपन फिनेस’ हे वेगळे नैपुण्य घेतल्यावरच चपळाई नेमाला लागे, इजा तरीही बळावरच ठरे, आणि दोन हातांच्या शस्त्राला बळाच्या बोनसची दीडपट मिळे. हिशेब किचकट होता, पण न्याय्य होता. २०२४ च्या सुधारित पुस्तकात ग्रेटसोर्डला चुकलेल्या वारातही बोनसइतकी इजा करण्याची सोय दिली आहे, ती मला आवडली; फिनेसच्या मूळ नियमाला मात्र हात लावलेला नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. नव्या मंडळाने पुस्तक जरूर घ्यावे. आम्ही त्यात एक घरचा नियम जोडला आहे: फिनेस शस्त्राचा नेम चपळाईवर, इजा बळावर. यातून ‘रोग’ (Rogue) या चोरट्या पात्राला सूट आहे, कारण फिनेस शस्त्राने लपून घाव घालणे हाच त्याचा धंदा आहे. हे ठरले त्याच संध्याकाळी खंदकात पडलेल्या वीराने खोडरबर मागितले आणि बळाचे ८ पुसून १२ केले.